दोन कॉलमांतला जवान

वर्तमानपत्राची पानं लावण्यात त्यांची उभी हयात गेली. फोटो जागेत बसत नसला की कडा उडवायच्या, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. युद्धातल्या विजयाच्या दिवशी दर वर्षी छापला जाणारा फोटोही त्यांनीच तिशीत दोन कॉलमांत बसवला होता: टेकडीवर झेंडा रोवणारा उंचापुरा जवान, एकटा. पुढे तोच कापलेला फोटो सगळीकडे गेला. चौकातला पुतळाही त्यावरूनच घडवला, अर्थातच एकट्याचा.

दर वर्षी त्या दिवशी गल्लीतल्या, फौजेतून परतून सलून काढलेल्या दादांचं हमखास हसं व्हायचं. "झेंड्याची काठी खाली मी धरली होती," ते म्हणायचे. गिऱ्हाइकं पेपर नाचवत विचारायची, "मग फोटोत कुठे आहात, दादा? कॅमेऱ्यामागे?" हसणाऱ्यांत पान लावणारेही असत. शेवटी दादांची बायकोच म्हणाली, "जाऊ द्या हो, नका सांगू लोकांना." दादा सांगायचे थांबले.

पान लावणाऱ्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. फोटो पुसट छापतोय म्हणून त्यांनी कपाटातून मूळ प्रत काढली. उजवीकडे काठीला मिठी मारून एक पोरगेलासा जवान बसलेला, कान सुपाएवढे! महिन्याच्या महिन्याला सलूनच्या आरशात आपल्यामागे दिसणारे ते कान त्यांनी चष्म्याशिवाय ओळखले. त्याच्या खांद्यावरून गेलेली पेन्सिलीची रेघही त्यांच्याच हातची. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संपादकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तीन कॉलम? अहो, लोकांना एकटा जवानच ठाऊक आहे."

"साहेब, आजवर काही मागितलं नाही. हा एक कॉलम द्या."

जाणाऱ्या माणसाला नाही म्हणणं संपादकांच्याही जिवावर आलं.

विजयाच्या दिवशी सकाळी सलूनात पाय ठेवायला जागा नव्हती. दादांची बायको पेपर हातचा सोडेना. पान लावणाऱ्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, "दादा, तुम्हाला मीच कापलं होतं."

"कापणं माझाही धंदाच आहे की!" दादा खो खो हसले. किती वर्षांनी त्यांना असं मोकळं हसताना पाहून पान लावणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग दादांनी पेपर जवळ ओढला. त्यांचं बोट फोटोवरून सरकत कडेबाहेरच्या कोऱ्या जागेवर थांबलं.

"इथे माझा जोडीदार होता. काठीच्या बुडाशी लावायला दगड आणत होता. कॅमेऱ्यात आलाच नाही. टेकडी उतरताना गेला."

पान लावणाऱ्यांनी खिशातलं पेन काढलं.

"नाव सांगा, दादा."

दादांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट.