समोरची काच

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची देवघेव करणारा आमचा एक ग्रुप आहे. तिथे मला सगळे काका म्हणतात. तिथले नियमही मीच लिहिले. भागाचा दोष फोटोत दाखवायचा. 'घेतो' लिहिल्यावर मागे फिरायचं नाही. बसवल्यावर फोटो टाकायचा. आणि सगळ्यांत वरचा: ज्याची गाडी अडून पडली आहे त्याला आधी, साठवण करणाऱ्याला नंतर.

गेल्या वर्षी एकाने समोरची काच विकायला काढली. आमच्या मॉडेलची ती काच आता बनत नाही. माझी शाबूत होती. तरी उद्या फुटली तर, या धास्तीने मी सगळ्यांच्या आधी 'घेतो' लिहिलं.

थोड्याच वेळात वारज्याच्या एका सभासदाचा खासगी मेसेज आला. वडिलांची गाडी, काच फुटलेली, पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी. गाडी चालू करा नाहीतर भंगारात द्या, असं सोसायटीने बजावलं होतं. "काका, तुम्हाला लगेच लागणार आहे का?"

'नाही' एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, "माझीही महिन्यापूर्वी फुटली."

"अरेरे. मग बसवायला मी येतो. नवखा माणूस काच रबरात बसवताना तडकवेल."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? निदान एक गाडी तरी रस्त्यावर येईल."

काच माझ्याकडे पोचली, आणि रविवारी सकाळी 'निघालो' असा त्याचा मेसेज आला. वारजे ते खडकी, रविवारी रस्ते मोकळे. खरं सांगायला अजून वेळ होता. पण नियम लिहिणारा काका खोटं बोलला, हे ग्रुपला कळेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी खाली गेलो आणि गाडीच्या शाबूत काचेवर हातोडा घातला. काच आधी पांढरी पडली, मग दाण्यादाण्यांनी सीटवर कोसळली.

"अहो, काय फुटलं?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"काही नाही."

तो आला. चाळिशीचा, कमी बोलणारा. दाणे वेचताना त्याने डॅशबोर्डवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"महिना झाला म्हणालात ना?"

"हो."

"धूळ नाही कुठे."

"झाकून ठेवली होती."

"फारच छान झाकली होती."

मग काच बसवायला घेतली. तो आत बसून काचेभोवतीच्या रबरातली दोरी हळूहळू ओढत होता, मी बाहेरून तळव्यांनी काच दाबत होतो. मध्ये फक्त ती काच. मी वर पाहिलंच नाही. काम झाल्यावर फोटो त्यानेच टाकला: 'काकांची गाडी रस्त्यावर.' खाली कौतुकाचा नुसता पाऊस. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर त्याचा मेसेज दिसला. 'सोसायटीने वाढवून दिलेली मुदतही संपत आली. गाडी सुटी करून देतोय. दारं, दिवे, स्टिअरिंग. नियमाप्रमाणे, ज्याची अडली आहे त्याला आधी.'

खाली पहिला 'घेतो' यायच्या आत मी फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. ग्रुपवर कोणीतरी टाइप करत होतं. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"काही देऊ नका कुणाला. माझी काच काढून न्या."

"आणि तुमच्या गाडीला?"

"माझी चांगली होती. मीच फोडली. तुम्ही यायच्या आधी, हातोड्याने."

तो म्हणाला, "धूळ नव्हती."

"रविवारी याल?"

"आधी ग्रुपवर विकायला टाका. दोष फोटोत दाखवायचा, तुमचाच नियम आहे."

"काचेत दोष काही नाही हो."

"काचेचा नका टाकू. तुमचा टाका."

गाडीशेजारी उभा राहून बायकोकडून फोटो काढून घेतला. वर लिहिलेलं सगळं, थोडक्यात, त्याखाली टाकलं. दारांवर, दिव्यांवर तोवर कोणी हक्क सांगितला नव्हता. माझ्या मेसेजखालीही कोणी काही लिहीना. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा मात्र दिसत होत्या. मी फोन हातात धरून जिन्यातच बसलो.

मग त्याचा मेसेज आला.

'घेतो.'