पोपटी हाफपँट आणि हट्ट्याचं स्थळ

मुलीला पाहायला पाहुणे येतात, हे मला माहीत होतं. मुलीच्या बापालाही पाहतात, आणि तेही हाफपँटवर, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आमची अश्विनी नांदेडला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसनं पाच किलोमीटरची दौड ठेवली. घरातल्या एकाला सोबत घेऊन पळायचं होतं. तिनं मला न विचारताच माझं नाव घालून टाकलं. "बाबा, पळण्यातून जगण्याचे धडे मिळतात," ती म्हणाली. (हे तिला मोबाइलवरच्या एका घामाघूम माणसानं सांगितलं होतं.) मी वसमतला एका कॉलेजात क्लार्क. समोरून एसटी सुटताना दिसली तरी पुढच्या गाडीची वाट पाहणारा माणूस. पण लेकीनं बूट पाठवले, आणि सोबत एक पोपटी हाफपँट. ती गुडघ्याच्या इतकी वर राहायची की माझी बायको सुनंदा म्हणाली, "अंधारात जा अन् अंधारातच वापस या."

त्याच दिवसांत अश्विनीला हट्ट्याचं स्थळ आलं होतं. मुलगा परभणीला बँकेत, घरी हळदीची शेती, माणसं मोकळी. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं. अश्विनी तर फोनवर आमच्याशी बोलतानासुद्धा उगाच हसायला लागली होती. मुलाचे वडील दिगंबरराव "घरात इचारून निरोप देतो" म्हणून गेले, ते गेलेच. निरोप काही येईना. फोन वाजला की सुनंदा आधी पदर सारखा करायची, मग उचलायची. मला तिचा तो चेहरा पाहवत नव्हता. रोज पहाटे घराबाहेर पडायचं निम्मं कारण ते होतं.

पळताना मिळालेला पहिला धडा असा की आपल्याकडे माणसाला पळू देत नाहीत. हट्ट्याच्या रस्त्याला लागलं की येणारी प्रत्येक मोटरसायकल थांबायची. "सर, गाडी बंद पडली का?" "बसा, सोडतो." आमच्या दूधवाल्यानं तर हळू आवाजात विचारलं, "घरी काही झालं का?" नको म्हटलं तर लोकांना राग येतो. त्यामुळे माझा बराचसा सराव दूधवाल्याच्या मागं, कॅन धरून बसून झाला होता.

एक दिवस उठायला उशीर झाला. रस्त्यावर असतानाच लख्ख उजाडलं. तेवढ्यात मागून जीप आली आणि पुढं जाऊन थांबली. खिडकीतून दिगंबररावांनी मान बाहेर काढली. मी बाभळीमागं जायचा प्रयत्न केला, पण पोपटी रंग लपत नाही.

"अहो पाव्हणे, काय झालं? कुनाचं काही बरंवाईट?"

"न्हाई न्हाई. नुसतं पळून राहिलो."

"काहून?"

"तब्येतीसाठी."

त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं तब्येतीला?"

"काही न्हाई. डॉक्टर म्हणतात, पळावं."

"म्हंजे डॉक्टर चालू हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग दार उघडलं. "बसा. चहा घेऊन जा. आईला तुमाला बघायचंच हाय."

होणाऱ्या व्याह्याच्या चहाला नाही म्हणणारा बाप आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. मी जीपमध्ये बसलो आणि त्यांची कोथिंबिरीची पिशवी मागून मांडीवर घेतली.

हट्ट्याला त्यांच्या अंगणात हळदीचा हंगाम जोरात होता. ताडपत्रीवर वाळलेली हळकुंडं पसरलेली, कडेला ट्रॅक्टरवर पॉलिशचा ड्रम गरगर फिरतोय, खाली पिवळ्या भुकटीचा ढीग. घरातल्या बायका बाहेर आल्या, माझे गुडघे पाहिले आणि आत गेल्या. शेजारपाजारची माणसं मात्र आत जाईनात. मी वर्तमानपत्र मागून घेतलं आणि मांडीवर पसरून वाचायला लागलो. (ते उलटं होतं.) दिगंबररावांची आई समोर येऊन बसली.

"शुगर हाय का?"

"न्हाई, आजी."

"बीपी?"

"न्हाई."

"मंग पळता काहून? मागं कोन लागलंय?"

"लेकीनं सांगितलं म्हणून."

"लेक सांगती अन् तुमी ऐकता?"

"व्हय."

आजींनी आत हाक मारून खायला मागवलं. आजार लपवतोय असं वाटू नये म्हणून मी दोन बशा शिरा आणि समोर आली तेवढी भजी संपवली. आजींचं समाधान होईना. "खाऊन तर कुनीबी दाखवतं," त्या म्हणाल्या.

इथं माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो. वर्तमानपत्र खाली पडलं, तिकडं लक्षही दिलं नाही. "हे बघा, आता इथून पळतच वसमतला जातो," असं म्हणून मी जोरात निघालो, तो थेट हळकुंडांवरून. ती बुटाखाली गोट्यांसारखी फिरली. माझे पाय एकीकडं, मी दुसरीकडं, आणि घसरत घसरत ड्रमखालच्या भुकटीत जाऊन बसलो. अंग घामानं ओलं होतं. टकलापासून घोट्यापर्यंत पिवळा होऊन उठलो.

कोणीतरी ट्रॅक्टर बंद केला. मला अश्विनीचं फोनवरचं हसणं आठवलं आणि खरंच रडू आलं. (डोळ्यांत हळदही गेली, पण ती नंतर.) मी हात जोडले. "आजी, माझं काही धरू नका. पोरगी माझ्यासारखी न्हाई, आईवर गेलीय."

आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांचं खांद्यापासून सगळं अंग हलत होतं. "दिगंबर," त्या म्हणाल्या, "नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडं धाडतात का न्हाई? आपल्या घरची हळद तर निघाली बाबा पोरीच्या घरला. आता कशाचा निरोप अन् कशाचं इचारनं? अन् लेकीच्या शब्दाखातर हा अवतार करनारा बाप कुठं भेटंल?"

मला घरी सोडलं तेही जीपच्या मागच्या भागात, पोत्यावर बसवून, सीट खराब होऊ नये म्हणून. सुनंदानं दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्न लेकीचं अन् हळद तुमाला?"

"जमलं," मी म्हणालो.

ती उंबऱ्यावरच बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, आधी बाहेरच्या नळावर अंघोळ करा.

नांदेडच्या दौडीत अश्विनीसोबत होणारे जावईच पळाले. मी पाणी वाटलं. लग्न उन्हाळ्यात झालं. आहेराच्या वेळी सगळ्यांना टॉवेल-टोपी मिळाली. दिगंबररावांनी मला मात्र एक वेगळा पुडा दिला. आत शिवलेली फुलपँट होती, घोट्यापर्यंत लांब. घालून पाहिली तर बराबर बसली, कुठं सैल नाही, कुठं तंग नाही.

"माप कधी घेतलं?" मी विचारलं.

"घ्यायची गरजच न्हाई पडली," दिगंबरराव म्हणाले. "शिंपी त्या दिवशी अंगणातच हुता."