तत्रैव नावाचे विद्वान

सरांचा प्रबंध विद्यापीठातून दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यावर एकच शेरा होता : संदर्भ विस्कळीत आहेत, संदर्भ-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर वापरून ठरलेल्या पद्धतीने पुन्हा सादर करावेत. खाली बारीक अक्षरात असंही होतं, की महिनाअखेरपर्यंत प्रबंध न आल्यास नोंदणी रद्द समजण्यात येईल. सरांनी चष्मा काढला, प्रबंध कपाटावर, म्हणजे कपाटात नव्हे, कपाटाच्या वर, रिकाम्या सुटकेसशेजारी ठेवला आणि "संपलं" म्हणून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सर भूगोलाचे निवृत्त मास्तर. प्रबंधाचा विषय, जुन्या नकाशांमधल्या चुका. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी तो हाती घेतला आणि मग त्यानेच त्यांचा हात सोडला नाही. कुठे जायचं ठरलं की प्रबंधाचं एखादं प्रकरण नेमकं अर्धवट असायचं. त्यांची बायको प्रबंधाला चारचौघांत सवत म्हणायची, आणि सवतीवरची धूळ मात्र रोज स्वतः पुसायची.

ही गोष्ट त्या बायकोची. गल्लीत त्यांना अजूनही एक्स्चेंजबाई म्हणतात, कारण त्यांची उमेदीची सारी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात वायर. हा फोन त्या भोकात, तो फोन या भोकात. पुढे यंत्रं आली आणि बाईंना तक्रारीच्या खिडकीवर बसवलं गेलं. तिथे लोक आरडाओरडा करायचे आणि बाई म्हणायच्या, "थांबा, बघते." बाईंचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. आणि लाइन मेली आहे हे त्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून कधी मान्य करत नसत.

सरांनी पेपर वाचायचं सोडलं तेव्हा बाई घाबरल्या. पेपरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल पेन फिरवल्याशिवाय या माणसाचा चहा संपत नसे. आता पेपर घडी न मोडता रद्दीत जात होता. असाच हा माणूस भिंतीकडे बघत बघत एक दिवस आपल्याला सोडून जाईल, अशी त्यांना खरोखर भीती वाटली. त्यांनी स्टूल घेतलं, कपाटावरचा प्रबंध खाली काढला आणि संगणक सुरू केला.

संगणक जुना. त्याच्यावर धाकट्या दिरांनी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालून दिलं होतं. दिरांना फुकट गोष्टींची मनापासून आवड. "वहिनी, आता जन्मभर बघायला नको," असं म्हणून त्यांनी काढता पाय घेतला होता. ते दुसऱ्या गावी राहत आणि फोनवरून सल्ला देत. सल्लाही फुकटच होता.

"सॉफ्टवेअर उतरवून घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"घेतलं. पण ते गाठोडं दिसतंय. दाबलं की नुसतं उघडतं. आत फाइलींचा ढीग आहे."

"गाठोडंच असतं ते. घाबरू नका. टर्मिनल उघडा. ती काळी खिडकी. तिच्यात मी सांगतो ते टाइप करा. आधी डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शिरा."

बाईंनी टाइप केलं. काळी खिडकी म्हणाली : अशी कोणतीही फाइल किंवा फोल्डर नाही. बाईंनी पुन्हा टाइप केलं. खिडकीने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. तक्रारीच्या खिडकीच्या या बाजूला बसणं बाईंना नवीन होतं.

"भाऊजी, समोर दिसतंय हो फोल्डर. आणि हे म्हणतंय नाहीच."

"असं होत नाही," दीर म्हणाले. त्यांच्या मते लिनक्समध्ये काहीच होत नसे, जे व्हायचं ते माणसाकडून.

बाई एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागल्या. "डा. ऊ. न. लो. ड."

"ऱ्हस्व!" आतून आवाज आला.

बाई थांबल्या. फोनवर दीरही थांबले.

"ऱ्हस्व उ आहे त्यात," भिंतीकडे तोंड करूनच सर म्हणाले. "फोल्डरला नाव बरोबर दिलंय. तू चूक लिहितेस."

बाईंनी उ ऱ्हस्व केला आणि दार उघडलं. पहिल्यांदाच कुणीतरी सरांचं ऱ्हस्व-दीर्घ इतकं मनावर घेतलं होतं. पेपरवाल्यांनी कधी घेतलं नव्हतं. सरांनी कूस बदलली नाही, पण त्यांचे कान वळले असावेत.

पुढे परवानगीचा घोळ झाला. "परवानगी नाकारली" असं खिडकीने म्हटलं तेव्हा बाईंना वाईट वाटलं, कारण त्यांनी विचारलं नीट होतं. दिरांनी मालकाच्या अधिकाराने हुकूम द्यायला शिकवलं. त्यासाठी पासवर्ड हवा होता. बाई पासवर्ड टाइप करत, पण पडद्यावर काहीच उमटत नसे, म्हणून त्या तोच पासवर्ड न थांबता पुन्हा पुन्हा टाइप करत राहिल्या आणि एकाला एक जोडून झालेला तो लांबलचक पासवर्ड अर्थातच चुकीचा ठरला. "वहिनी, ते दिसत नाही, पण पोचतं," दिरांनी खुलासा केला. बाईंना ते लगेच पटलं. एक्स्चेंजमध्येही बोलणारा दिसत नसे.

सॉफ्टवेअर बसलं. मेनूत त्याचं चित्रही आलं. पण प्रबंध ज्याच्यात लिहिला होता त्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये संदर्भाचं बटण येईना.

"तुमच्याकडे जावा नसणार," दीर म्हणाले. "जावा बसवल्याशिवाय ते चालत नाही."

"भाऊजी, या घरात जावा कधी एका जागी बसल्यात का?"

"काय म्हणतायत?" मागून धाकट्या जावेचा आवाज आला. "जावा नकोत म्हणतात? मग यायचं तरी कशाला आपण त्यांच्याकडे?"

दिरांनी फोनवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी समजावलं. मग बाईंना सांगितलं, की जावा हा एक प्रोग्राम आहे. लेखनाचा प्रोग्राम आणि संदर्भांचा प्रोग्राम एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये जावा लागते.

"मग ऑपरेटर म्हणा ना," बाई म्हणाल्या, आणि जावा बसवून मोकळ्या झाल्या. बटण आलं. जाऊ मात्र आठवडाभर फोनवर आली नाही.

आता खरं काम. प्रबंधाच्या प्रत्येक पानाखालची तळटीप वाचायची, तिच्यातली माहिती चौकटींत भरायची आणि बटण दाबून जागच्या जागी जोडून द्यायची. लेखक, पुस्तक, पान. जोडण्यात बाईंचा हातखंडा होता. सकाळी स्वयंपाक उरकून त्या बसत आणि उन्हं कलली की उठत. सवतीशी इतकी सलगी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. भरता भरता त्यांच्या मनात एका लेखकाबद्दल आदर दाटून आला. एके सकाळी चहाचा कप सरांच्या उशाशी ठेवत त्या म्हणाल्या,

"अहो, हे तत्रैव कोण हो?"

बाईंनी कपावर बशी झाकली.

"फार लिहिलंय माणसानं. तुमच्या प्रबंधात सगळ्यात जास्त पुस्तकं त्यांचीच. पण विचित्र. पुस्तकांना नावंच नाहीत, नुसती पानं. आणि त्यांच्या खालोखाल ते उ. नि. आहेत ना, ते आडनाव लावत नाहीत."

पलंग हलू लागला. बाईंना वाटलं, सरांना काहीतरी होतंय, म्हणून त्यांनी खांदा धरला. सर हसत होते. भिंतीकडे तोंड करून, उशीत नाक खुपसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग ते उठून बसले.

"अगं, तत्रैव म्हणजे माणूस नाही. तत्रैव म्हणजे तिथेच. वरच्या टिपेत जे पुस्तक सांगितलं, त्याच पुस्तकात. आणि उ. नि. म्हणजे उपरिनिर्दिष्ट, आधी सांगितलेलं."

"मग तसं लिहायचं." बाई मुळीच ओशाळल्या नाहीत. "वरच्या टिपेत म्हणजे कुठल्या? तुम्ही इतकी वर्षं परिच्छेद इकडचे तिकडे करत होतात. वरचं वरच राहिलंय का?"

सर हसायचे थांबले. ते लुंगी सावरत संगणकापाशी आले आणि बाईंच्या खांद्यावरून वाचू लागले. एका तत्रैवच्या वर रस्त्यांच्या नकाशाचं पुस्तक होतं आणि मजकूर होता समुद्राच्या खोलीचा. दुसऱ्याच्या वर तर टीपच नव्हती, कारण ते प्रकरणाचं पहिलं पान होतं. विस्कळीत हा शब्द परीक्षकांनी भीड बाळगून वापरला होता.

"खुर्ची आण," सर म्हणाले.

"तुम्हीच आणा, मी बसलेय."

सरांनी खुर्ची आणली. तेव्हापासून दोघं शेजारी बसू लागले. बाई विचारत, "हे तिथेच म्हणजे कुठे?" आणि सर कपाटातली पुस्तकं काढून, जमिनीवर पसरून, शोधून सांगत. चहा गार होई. भांडणंही झाली, पण ती समोरासमोर झाली, भिंतीशी नाही. पेपर पुन्हा लाल होऊ लागला.

महिना संपत आला तेव्हा फक्त एक तत्रैव उरला. पहिल्याच प्रकरणातला. शहराच्या एका जुन्या नकाशात मुद्रकाच्या चुकीने एक गल्ली जास्तीची छापली गेली होती. खाली सरांचं वाक्य होतं : या गल्लीतील घरांचे क्रमांक मागणारे दूरध्वनी एक्स्चेंजकडे पुढे अनेक वर्षे येत राहिले. टीप, तत्रैव. सरांनी सगळं कपाट उपसलं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"काढून टाकतो वाक्य," ते शेवटी म्हणाले. "आधार नाही त्याला."

"आधार कसा नाही?" बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं तुम्हाला. लग्न नवीन होतं तेव्हा, जेवताना. तुमचा घास हातातच राहिला होता."

सरांना तो घास आठवला. त्या गल्लीबद्दल ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते नकाशे बघायला गेले होते. आख्खा प्रबंध त्या ताटावरून उठला होता आणि ते हे साफ विसरले होते. त्यांना फार लाज वाटली. पण लाज वाटली असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि नवी नोंद उघडली. प्रकार : मुलाखत. आडनावाच्या चौकटीत स्वतःचंच आडनाव घातलं. नावाच्या चौकटीपाशी त्यांचं बोट जरा थबकलं. आयुष्यभर अगं म्हणण्यावर भागलं होतं. मग त्यांनी बायकोचं नाव लिहिलं.

"दीर्घ," बाई म्हणाल्या.

"काय?"

"दुसरं अक्षर. दीर्घ आहे."

सरांनी दीर्घ केलं. बटण दाबलं. टीप जागेवर बसली. पुढचंही वाक्य त्याच गल्लीबद्दल होतं, म्हणून त्यांनी तिथेही तीच नोंद जोडली. या वेळी सॉफ्टवेअरने विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे नाव न लिहिता आपलं आपण एकच शब्द उमटवला.

"आले परत हे," बाई म्हणाल्या. "आता हे कोण?"

"तू," सर म्हणाले.

बाई उठून चहा ठेवायला गेल्या. चहा नुकताच झाला होता.

प्रबंध मुदतीत पोचला. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत परीक्षकांनी पानं उलटली, संदर्भ व्यवस्थित आहेत म्हणाले आणि पहिल्या प्रकरणावर बोट ठेवलं. "या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण नाही. या बाईंकडे खात्री करून घेता येईल का?"

"येईल," सर म्हणाले. "त्या बाहेर बसल्यात."

बाईंना आत बोलावलं. कुणी बसा म्हणायच्या आधीच परीक्षकांनी त्या गल्लीचं नाव घेऊन विचारलं, की तिथला नंबर मागितला तर एक्स्चेंजमधून काय सांगत असत? बाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. त्यांचा आवाज आपोआप जुना झाला.

"थांबा, बघते," त्या म्हणाल्या, आणि खरंच क्षणभर थांबल्या. "नाही. ती गल्ली नकाशात आहे, गावात नाही. दुसरं कुणी हवंय?"

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर बायकोकडे बघत होते.

"नको," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी सही केली.