राहीची मशेरी आणि मुंबईचं ऑपरेशन

राही माझी धाकटी जाऊ. तिची आई आणि दोन थोरल्या बहिणी छातीच्या गाठीनं गेल्या. एकोणऐंशी साली ती मला म्हणाली, "जाऊबाय, माझ्यात अजून काय नाय. पन व्हायची वाट कशाला बघू? मुंबईच्या डाक्तरीनबाय बोलतात, आधीच छाती काढून टाकता येते. पोरं ल्हान हायत माझी."

मुंबईला पोचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"छे गो बाय! मी काय बाप्या हाय?"

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात, बायका मशेरी लावतात. पानं तीच, तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली. पण दात घासायच्या वस्तूला तंबाखू कोण म्हणेल?

ऑपरेशनच्या सकाळी राही वॉर्डाच्या मोरीत बसून दातांवर बोट फिरवत होती. शेजारच्या दोघींनाही चिमूट दिलेली. मागे डॉक्टरीणबाई उभ्या! ऑपरेशन राहिलं. "यानं जखम भरत नाही. महिनाभर बंद करा, मग या."

पोलादपूरला एस्टीतून उतरली ती रडतच. "सुरीला भ्याले नाय, आन् मशेरीच्या डबीपायी परत आले गो!"

मग वाडीतल्या बायकांनी ठरवलं, मशेरी भाजायची ती ओढ्यापल्याड. तरी वारा फिरला की राही अंगणात म्हशीसारखी नाक वर करून उभी. आठव्या दिवशी ती कोंबडीशी भांडली. बाराव्या दिवशी माझ्याशी, कारण कोंबडी उत्तर देईना.

तिच्यासोबत मीही सोडली होती. म्हणजे घरात. ओढ्यापल्याड माझं रोज काहीतरी काम निघायचं. एकदा परतले तर राही दारातच.

"जाऊबाय, बोट दाव."

दावलं. तिनं ते नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. सोडीचना.

"आगो, सोड!"

"थांब जरा. हुंगायला डाक्तरीन नको बोलली नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राखेनं हात चोळला आणि त्या दिवसापासून खरीच सोडली. दोघी मिळून कोंबडीशी भांडलो.

महिना भरला, ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा कमळाबाई शेजारीण म्हणाली, "पोलक्यात कापूस भर गो, बरं दिसंल."

"कशाला? वाकले तर आता मधी कायच येत नाय."

त्या पावसाळ्यात भातलावणीला ती माझ्या दोन हात पुढंच होती, आणि मान वर करून म्हणायची, "ये गो म्हातारे, ये."