एका खोलीत कोण झोपतं?

"पल्मनरी ट्युबरक्युलोसिस," एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. मी मनातल्या मनात स्वतःच्या दहाव्याचं जेवणसुद्धा उरकलं.

"तुमच्याबरोबर एका खोलीत कोण झोपतं? त्यालाही तपासावं लागेल."

शेजारी आई बसली होती, निफाडकडच्या खेड्यातून आलेली. माझी छाती अशी धडधडली, की एकलहऱ्याच्या आमच्या वीजकेंद्रातलं जनित्र लाजलं असतं.

"कोणी नाही. मावसभाऊ असतो, मधू. पण तो बाहेरच्या खोलीत. असा घोरतो, की भिंतीचे पोपडे पडतात!"

मधू माझा कोणी मावसभाऊ नव्हता. कॉलनीसाठी रचलेली ती थाप. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्यासारख्यांसाठी शब्द होते ते शिव्यांतले. कळलं असतं तर क्वार्टर, नोकरी, आई, सगळंच गेलं असतं.

"मग त्यांना तपासायची गरज नाही," म्हणत डॉक्टर लिहू लागले.

आणि मला मधूचा आठवडाभराचा खोकला आठवला. स्वतःच्या क्षयाची भीती त्यापुढे पोरखेळ.

"डॉक्टर, तो माझ्याच खोलीत झोपतो. एकाच पलंगावर. पहिल्यापासून."

पेन थांबलं. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या घेऊन या त्यांना," एवढंच म्हणाले.

बसमध्ये आईनं स्वतःच माझं तिकीट काढलं.

मग आम्हा दोघांची स्पुटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी. निकाल येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर मला एवढा घाम फुटला, की एखादं धरण भरावं. माझ्या थुंकीत जंतू निघाले. मधूची थुंकी साफ, एक्स-रेही साफ.

घरी येऊन आईनं माझा कप वेगळा काढला, त्याच्या कानाला लाल दोरा बांधला.

"मधू, याची थुंकी साफ येईस्तोवर बाहेर झोपायचं. खरंखुरं बाहेर."

"हो, मावशी."

"पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"आई, तुला कधीपासून..."

"मला बहीणच नाय, तर तुला मावसभाऊ कुठून येणार? शेजारच्या बाया दर खेपेला तिची खुशाली विचारतात. मागल्या दिवाळीत मी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाकलं."

औषधं लांबली, पण मी बरा झालो. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांना खरं सांगा. भीती वाटेल, तरी सांगा. बाहेर शब्द अजून शिव्यांतलेच आहेत. पण आमच्या घरात आई दोघांना एकत्र वाढते. आणि तिची ती बहीण? कॉलनीत तिला आता सुईत दोरा ओवता येतो म्हणे, चष्म्याशिवाय.