बोरीचा पाला

आमच्या परड्यात बोरीचं एक झाड आहे. बोरं आंबट आणि किडकी, पोरंसुद्धा त्याला दगड मारत नाहीत. पण पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात मुसलमानाच्या घरातली एखादी बाई वारली, की पहिला माणूस या झाडाकडे यायचा. मयताला अंघोळ घालतात त्या पाण्यात बोरीचा पाला उकळावा लागतो. आणि ती अंघोळ घालणारी बाई म्हणजे माझी आई. आम्ही तिला अम्मी म्हणायचो.

अम्मी ब्लाउज शिवायची. निरोप आला की मशीन थांबवायची आणि पदर खोचून निघायची. त्या कामाचं तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. पुढं मलाही तिनं हाताखाली घेतलं. तिचे नियम दोनच, पण कडक. पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघायचं, ते कोमटच पाहिजे. आणि पडद्याच्या आत जे दिसलं, ते बाहेर सांगायचं नाही. याशिवाय तिची एक सवय होती. अंघोळ घालताना ती त्या गेलेल्या बाईशी बोलायची. “आता उजवा हात घेते हां, बाई.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, आणि त्याबद्दल घरी येऊन मी बोलणीही खाल्ली होती.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, चाचीचं घर. ती वडिलांच्या चुलतभावाची बायको. देवानं तिला जीभ देताना हात जरा सैलच सोडला होता. मला फलटणचं एक चांगलं स्थळ आलं होतं. सगळं ठरत आलेलं. चाचीनं पाहुण्यांना आमच्या दारात यायच्या आधीच गाठलं आणि विचारलं, मुडदे धुणाऱ्या हातचं जेवण तुम्हाला चालणार आहे का. पाहुणे चहा न घेताच गेले. ती गोष्ट चारी गावांत फिरली आणि माझं लग्न राहिलं ते राहिलंच. मी त्या दिवशी भांडायला निघाले, तर अम्मीनं दार लावून घेतलं. म्हणाली, “जाऊ दे गं. तिच्या जिवाला तरी कुठं सुख हाय?”

मला तर तिचा जीव चांगला गुबगुबीत सुखात दिसत होता. आजवर तिला साधं पडसंही झालेलं माझ्या आठवणीत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चाचीची म्हातारी सासू तापानं घरातच गेली. कसला ताप ते सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. घरातलं एक माणूस तिला हात लावेना. चाची नाकाला पदर लावून आमच्या परड्याच्या टोकाला उभी राहिली आणि तिथूनच अम्मीला हाक मारली. मी अम्मीचा हात धरला. म्हटलं, जिनं माझं आयुष्य नासवलं तिच्या घरात तू मरायला जाणार आहेस का? अम्मीनं हात सोडवून घेतला. “म्हातारीनं काय केलंय? पाण्याबगर कशी पाठवायची तिला?” मला तिनं उंबऱ्याच्या आतच ठेवलं. स्वतः तोंडाला ओढणी बांधून गेली.

आठव्या दिवशी तिला ताप भरला. चाचीच्या घरात कुणाला शिंकही आली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लोक सांगायला यायचे, वरचा चांगल्यांचीच परीक्षा बघतो. बघतो तर बघू दे, पण चाचीला त्यानं कधी साधं पाटी-पेन्सिल घेऊनसुद्धा बसवलं नाही, त्याचं काय?

सांगलीच्या दवाखान्यात आम्हाला आत सोडत नव्हते. एका नर्सनं आपल्या फोनवरून बोलणं करून दिलं. अम्मीला धाप लागत होती. एवढंच म्हणाली, “मला पाणी तूच घाल. थंड घालू नको.”

दोन दिवसांनी ती गेली. दवाखान्याबाहेर थांबलेल्या माझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी वेड्यासारखी परड्यात गेले, पाला तोडला, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. मयत घरी देत नाहीत हे मला माहीत होतं. तरी पाणी उकळलं, निववलं, मनगटावर घेऊन बघितलं. दुपारी भाऊ एकटाच परत आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून परक्या माणसांनी तिला मातीत ठेवलं होतं, आणि त्याला लांब उभं केलं होतं. गावातल्या एकूण एक बाईला जिनं न्हाऊ घालून पाठवलं, ती तशीच गेली. ते पाणी मी संध्याकाळी बोरीच्या बुंध्याशी ओतलं. चाचीचं दार बंद होतं. ती आली नाही.

गेल्या थंडीत चाची गेली. शुक्रवारी सकाळी, चहा पिऊन, लेकी-सुनांच्या गराड्यात, बसल्या जागी. बायका म्हणत होत्या, काय मरण, नशीब काढलं. तिची धाकटी सून माझ्याकडे आली. मी म्हटलं, मला जमणार नाही. ती हलेना. “तुमच्याबगर कुणाला येतं, आपा?” ते खरंच होतं. अम्मीनं दुसऱ्या कुणाला शिकवलंच नव्हतं.

मी गेले ते रागातच गेले. पडद्याआड आम्ही दोघीच, मी आणि ती सून. मी बोलले नाही. पाणीही बघितलं नाही. तांब्या भरला आणि सरळ चाचीच्या उजव्या हातावर ओतला. थोडं माझ्या हातावर उडालं. गार होतं.

मी तिथंच थांबले. सुनेला म्हटलं, पाणी परत तापव.

ते येईपर्यंत मी चाचीशेजारी बसून राहिले. मग मनगटावर घेऊन बघितलं. कोमट होतं, अगदी अम्मीला चाललं असतं तसं. “आता उजवा हात घेते हां, चाची,” म्हणाले, आणि तिथून पुढं मला आवरलंच नाही. डोक्यावर ओतलं, केस धुतले, शेवटच्या पाण्यात कापूर घातला, केसांच्या तीन वेण्या घातल्या. माझ्या आईचं पाणी होतं ते. एक थेंब न ठेवता मी सगळं चाचीच्या अंगावर ओतलं.

बाहेर आले तेव्हा माझे डोळे सुजले होते. सून बायकांना सांगत होती, “आमच्या सासूबाईंवर आपांचा लय जीव हुता.”

मी हात पुसले आणि घराकडे निघाले. आतलं बाहेर सांगायचं नाही, हा अम्मीचाच नियम.