दोन रोडचा प्लॉट

मनीषनगरच्या एका लेआउटात पार्वतीबाईचं घर कोपऱ्यावर आहे. कोपऱ्यावर म्हणायचं ते तिच्या नवऱ्यामुळे, धोंडबामुळे. पुढून चांगला रस्ता, पण बाजूला निव्वळ गल्ली. धोंडबा बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात होते. प्लॉट घेतला तेव्हापासून आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगायचे, "कॉर्नरचा आहे बरं, दोन रोडचा!" लोकांना पटेना, म्हणून त्यांनी गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची पाटीच ठोकली. त्यावर लिहिलं, 'रोड'. कोणता रोड, कुठं जातो, काही नाही. नुसता रोड.

गल्लीभर भिंत पार्वतीबाईची, आणि पार टोकाला, उतारावर, मायाबाईचं घर. ती तोंडाला पदर लावून हसायची. "कायचा रोड वं पार्वती? समोरून बकरी आली तं माणसाले मांगं सरा लागते."

धोंडबा गेले, पाटी राहिली. दसऱ्याला घराला रंग लागो न लागो, पाटीला लागतो.

यंदा लेआउटात पावसाच्या पाण्याची नाली टाकायचं ठरलं. खर्चाचा काही हिस्सा घरवाल्यांनी द्यायचा, तोही घराची जेवढी लांबी रोडला लागते तेवढ्या फुटांवर, घरटॅक्सात हप्त्यानं. महापालिकेचे साहेब टेप घेऊन आले. पुढची बाजू मोजली आणि पाटीपाशी थबकले.

"आजी, हा रोड आहे का गल्ली? रोड असन तं तुमच्या दोन बाजू धरा लागतील. गल्ली म्हणसान तं एकच."

"अन् गल्लीत नाली?"

"गल्लीत नाही टाकत. रोडलेच."

पार्वतीबाईची पेन्शन एकाच बाजूपुरती होती. गल्ली म्हटलं की सुटली. पण मग धोंडबा जन्मभर खोटं बोलले, असं तिच्याच तोंडून व्हायचं. आणि मागच्या पावसात गल्लीचं पाणी मायाबाईच्या स्वयंपाकघरात शिरून रिकामं सिलिंडर तरंगलं होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात मायाबाईच कणकेच्या हातानं धावत आली. "साहेब, रोडच आहे थो!"

"काहून वं?" पार्वतीबाई म्हणाली. "अन् बकरी?"

"बकऱ्या कवाच इकल्या लोकायनं."

"म्हणजे काय आहे हे? पष्ट बोल."

"रोड आहे माय, रोड! भाऊजी काय खोटे बोलत होते का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या बाजूचा अर्धा हप्ता मी देतो. आता तरी हो म्हण."

पार्वतीबाईनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "लिवा साहेब, दोन बाजू. अन् रोड लिवा, मोठ्या अक्षरात."

नाली झाली. मायाबाईचं स्वयंपाकघर यंदा कोरडं आहे. खोदताना पाटी उखडली तेवढी मात्र अजून पार्वतीबाईच्या दारच्या ओट्यावरच पडून आहे. अर्धा हप्ता भरते म्हणून मायाबाईला ती आपल्या टोकाला लावायची आहे. दोघींचं त्यावरून रोज भांडण होतं, चहा घेता घेता.